दोन पेन्सिल सेल आणि मामाजींचा अबोला

मुर्री, गोंदिया
लग्नसराई संपता संपता

आदरणीय मामाजी,

ओमेशचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण आपल्यात मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचा मामाच्या नाही. उगाच कागदावर उलटं घडवून तुम्हाला पाप लावायला मी तयार नाही, तेव्हा हा नमस्कार उभ्यानेच स्वीकारावा. आम्ही इकडे मजेत आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचं बीपी? नवी म्हैस दूध देते, की अजून तुमच्यासारखीच रुसलेली आहे? तुमच्या घशाचीही चौकशी करायची होती. तुमच्या पुष्पांजलीच्या लग्नात भर मांडवात माझ्यावर ओरडताना तो बसला होता. तो अजून सुटला नसावा, कारण त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीत.

फोन तुम्ही उचलत नाही. मामी उचलतात आणि तुम्ही वावरात गेलात म्हणून सांगतात, आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. (खोकल्यामागून टीव्हीवरच्या बातम्याही ऐकू येतात. वावरात टीव्ही कधी लावलात?) लग्नाचा आल्बम मी स्वतः कोहमाऱ्याच्या फाट्यापर्यंत आणला, तिथून तुमच्या गावच्या देवानंदच्या जीपमध्ये ठेवून तुमच्याकडे पाठवला, तर तो दोरीची गाठही न सुटता परत आला. ती गाठ मीच बांधली होती, मला कळणार नाही का? लेकीच्या लग्नाचा आल्बम बापाने न बघता परत करावा एवढा मोठा गुन्हा मी केलेला नाही, आणि या पत्रात माफी शोधू नका, सापडायची नाही. माझी बाजू तेवढी ऐका. ऐकायची नसेल तर मामींना मोठ्याने वाचू द्या आणि तुम्ही शेजारच्या खोलीत खोकत बसा.

तर आधी सेलचं समजून घ्या, कारण सगळं रामायण त्यातच आहे. माझ्या कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशला चार पेन्सिल सेल लागतात. चारही एका दमाचे पाहिजेत. एक जरी मेलेला असला तरी बाकी तिघे त्याला ओढत बसतात आणि फ्लॅश उडत नाही. जोडीतला एक बैल बसला की दुसऱ्याला कितीही चाबूक मारा, तसं. पूर्वी मी साधे सेल आणायचो, एका लग्नात पोतंभर संपायचे, आणि दुसऱ्या दिवशी आई ते रिकामे सेल छपरावर वाळत घालायची. (उन्हाने सेल पुन्हा भरतो ही तुमच्या बहिणीची श्रद्धा आहे. शेवटी माकडांनी ते नेले. माकडंसुद्धा दोन दिवसांनी परत टाकून गेली.) म्हणून यंदा ठरवलं की रिचार्जेबल सेल घ्यायचे. पुन्हा पुन्हा भरा, पुन्हा पुन्हा वापरा.

गोंदियाच्या बाजारात गेलो. दुकानदाराने दोन पाकिटं समोर ठेवली. एकावर ताकदीचा आकडा दोन हजार लिहिलेला, दुसऱ्यावर चार हजार आठशे. तुम्ही असता तर कोणतं घेतलं असतं? खोटं बोलू नका. मीही तेच घेतलं. मग चार्जरची पाळी. एक होता तो सेल भरायला रात्र घेणारा, आणि एक, ज्याचं नाव ऐकताच मी दोन्ही हात पुढे केले, तो फास्ट. दुकानदार म्हणाला, "भैया, पंद्रह मिनट. चाय पियो और सेल निकालो." लग्नसराईत दिवसाला दोन-दोन लग्नं, सकाळी एका गावात हळद, संध्याकाळी दुसऱ्या गावात वरात, विजेच्या लाइनीचा काही भरवसा नाही, अशा माणसाने रात्रभर भरणारा चार्जर घ्यायचा का? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं तुम्ही म्हणाल. पण मामाजी, माझं पोटच उतावळ्या नवऱ्यांवर चालतं.

आता लग्नाचा दिवस. दुपारी मी तुमच्या कोठीत चार्जर लावला, त्याच बोर्डावर जिथे दोन कूलर आणि आचाऱ्याचं मिक्सर लागलं होतं. बोर्ड कसला, काळ्या टेपवर जीव धरून बसलेला म्हातारा. (या बोर्डाबद्दल मला पुष्कळ बोलायचं आहे, पण ते पुढे.) पंधरा मिनिटांत चार राखीव सेल खरोखर भरले, फक्त इतके तापले होते की हातात धरवत नव्हते. मामींनी बघितलं, म्हणाल्या, "बाप्पा, हे तं चुलीतल्या वांग्यावानी तापून राहिले," आणि माठाखालच्या ओल्या वाळूवर पसरून ठेवले. गार झाल्यावर मी ते पुसून स्टीलच्या डब्यात भरले आणि डबा तिथेच कोनाड्यात ठेवला. हा डबा म्हणजे दिवाळीला तुमच्याकडून लाडू भरून आलेला. रिकामा कसा परत करायचा म्हणून आमच्याकडेच राहिला आहे.

मुहूर्त गोरज होता. तुमच्या व्याह्यांची वरात गावाच्या वेशीवर अशी नाचली की गोरज टळून अंधार पडला, आणि नाचाचे फोटो काढता काढता फ्लॅशमधले सेल संपले. मी धावत कोठीत गेलो, ते तापलेले रिकामे सेल तसेच चार्जरमध्ये कोंबले, डब्यातले चार न बघताच फ्लॅशमध्ये घातले आणि स्टेजवर येऊन उभा राहिलो. अंतरपाट धरलेला, शेवटचं मंगलाष्टक सुरू, आणि तेवढ्यात कोठीकडून जळका वास आला आणि अख्खा मांडव अंधारात गेला. जनरेटरवाला जेवायला बसला होता. भटजी म्हणाले, घटका निघून जाईल, आणि त्यांनी अंधारातच पुढचं म्हटलं. मी म्हटलं, हरकत नाही, आपल्याकडे फ्लॅश आहे. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. लाल दिवा माझ्याकडे बघून मिचकला आणि विझला. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार घातले गेले आणि मी वेड्यासारखा नुसताच खटाखट बटण दाबत राहिलो. लाइट आली तेव्हा सगळं उरकलं होतं. अंतरपाटाचा फोटो नाही. हे मी कबूल करतो. एवढंच कबूल करतो.

आणि मग तुम्ही स्टेजवरून, नवरदेवाच्या बापासमोर, माइक चालू असताना म्हणालात, "काऊन रे, लगनाचे फोटो काढून राहिला का घरची लाइन घालवून राहिला?" सगळे हसले. नवरदेवाचा बापही हसला, ज्याच्या वरातीने माझे सेल खाल्ले. नाचता येईना अंगण वाकडं, असंही वर तुम्ही म्हणालात. मामाजी, अंगण खरोखर वाकडं होतं. आणि तरी बिदाईच्या वेळी रिवाजाप्रमाणे तुम्ही माझ्या पाया पडलात. तोंड फिरवून पडलात, हात माझ्या बुटाला लागला नाही, शेजारच्या खुर्चीच्या पायाला लागला, पण पडलात. ज्याच्या पाया पडायचं त्याच्याशी बोलायचं नाही, हे कोणत्या पोथीत लिहिलं आहे ते एकदा दाखवा. मला त्या दिवशी फार लागलं. तुम्ही ओरडलात त्याचं नाही. तुम्ही उठल्यावर माझ्याकडे बघितलं नाहीत त्याचं.

पुढचं ऐका. लग्नानंतर आबाजी (तुमचेच वडील, म्हणून तरी विश्वास ठेवाल) डोळे दाखवायला गोंदियाला आले आणि रात्री आमच्याकडे राहिले. मोतीबिंदू पिकला आहे म्हणतात डॉक्टर. संडासला जाताना त्यांनी खिशातून आपला छोटा टॉर्च काढला, आणि त्या टॉर्चचा उजेड आमच्या अंगणापलीकडच्या चिंचेपर्यंत गेला. मी म्हटलं, आबाजी, टॉर्च नवा घेतला का? ते म्हणाले, "टारच जुनाच होय. सेल तुझे होत, लगनातले." मी टॉर्च उघडून बघितला, सेल माझेच. त्यांच्या टॉर्चला दोन पेन्सिल सेल लागतात. लग्नाच्या दिवशी त्यांचे सेल संपले, कोनाड्यात डबा दिसला, त्यातून त्यांनी दोन घेतले. आणि (इथे मामी वाचत असतील तर त्यांनी थोडं थांबावं) घेतलेल्या दोनच्या जागी आपले जुने, मेलेले दोन ठेवून दिले. मी विचारलं, असं का केलंत? तर म्हातारा माझ्यावरच चिडला. "मी का चोर आहो का रे? दोन घेतले, दोन ठेवले. लगनघरचा डबा खाली कायले ठेवू?"

आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. साखर नसेल तर चिमूटभर मीठ, मीठ नसेल तर दोन दाणे तांदूळ. आबाजींनी दोन मेलेले सेल ठेवले आणि माझा फ्लॅश मेला. मी त्यांना काही बोललो नाही, तुम्हीही बोलू नका. पण चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत एवढं तरी मनात धरा.

आता तुमच्या कानात कोण काय भरतं तेही मला माहीत आहे. चंद्रकुमार, तो गोंदियाचा ड्रोनवाला, सांगत फिरतो की ओमेशला रिचार्जेबलचा नाद लागला, त्याच्या हाती लग्न देऊ नका, साधे सेल घालतो तोच खरा फोटोग्राफर. त्याला सांगा, मी रिचार्जेबलच वापरणार. ठासून वापरणार. मात्र आता निवडून आणले आहेत. चार हजार आठशेवाले मी फेकले, कारण तो आकडा मिठाईच्या डब्यावरच्या 'शुद्ध तुपा'सारखा नुसता छापलेला होता. दोन हजारवाले आणले, जे भरून ठेवले की आलमारीत महिनाभर पडून राहिले तरी भरलेलेच सापडतात. चारांचा एक संच रबराने बांधून ठेवतो, एका संचातला दुसऱ्या संचात जात नाही, आणि आबाजींसाठी दोन सेल वेगळे. नवा चार्जर प्रत्येक सेलला वेगळा दिवा दाखवतो, मेलेला सेल घातला तर घेत नाही, आणि भरला की आपोआप थांबतो. वेळ लागतो त्याला. पण मामाजी, तुम्हाला हे मी का सांगावं? तुमच्या पणजोबांनी गावाला तलाव बांधून दिला. तो भरायला अख्खा पावसाळा लागतो, म्हणून उन्हाळ्यापर्यंत पुरतो. पंधरा मिनिटांत भरतं ते धानाच्या बांधीतलं डबकं. हे मी दुकानात विसरलो, एवढीच माझी चूक, आणि ती मी माझ्या आईजवळ कबूल केलेली आहे, तुमच्याजवळ करायची गरज नाही.

आणि लाइन गेली ती माझ्या चार्जरने नाही. चार्जर हाताच्या पंजाएवढा, तो काय अख्खा मांडव विझवणार? गेली ती त्या काळ्या टेपच्या बोर्डाने. असला बोर्ड लग्नघरात आणणाऱ्याला मांडवात उभं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी कोणासमोरही सांगायला तयार आहे.

असो. मला तुमच्याकडून काही नको. काम नको, शाबासकी नको. मामींना नमस्कार, धाकट्या रुचीला आशीर्वाद, म्हशीला जे काय चालतं ते.

ज्याच्या पायांऐवजी तुम्ही खुर्चीच्या पाया पडलात तो भाचा,
ओमेश

ता. क.: तो काळ्या टेपचा बोर्ड माझा आहे. स्टुडिओतून मीच आणला होता. कोठीत खुंटीला लटकला असेल. देवानंदच्या जीपमध्ये पाठवून द्यावा, इकडे खोळंबा होतो आहे.

ता. क. २: रुचीचं जमलं असं ऐकलं, आणि तुम्ही चंद्रकुमारला भेटून आलात असंही ऐकलं. मी विचारत नाही. फक्त तिच्या लग्नाच्या तारखेला दोन लग्नं मला आली होती, दोन्ही नाकारली. तुमच्या माहितीसाठी.

ता. क. ३: वर मी लिहिलं की अंतरपाटाचा फोटो नाही. एक आहे. कार्ड पुसण्याआधी सगळे काळे फोटो कॉम्प्युटरवर एकेक करून उजळून बघितले, त्यात सापडला. दाणेदार आहे, थोडा हललेलाही आहे. पुष्पांजली त्यात अर्धीच आली आहे, पाठमोरी. आबाजी पहिल्या खुर्चीवरून नातीचं तोंड दिसावं म्हणून टॉर्च मारत होते. त्यांचा हात थरथरतो, आणि उजेड नेमका तुमच्यावर गेला. मूठभर अक्षता तुमच्या हातात तशाच राहिल्या आहेत, आणि तुम्ही रडता आहात. अंधारात कोणाला दिसणार नाही असं वाटून माणूस जसा रडतो, तसे. गावभर तुम्ही सांगता की लेकीच्या लग्नात तुमच्या डोळ्याला पाणी आलं नाही. पुष्पांजलीनेही ते खरं मानलं आहे. परवा सासरहून फोनवर मला विचारत होती, "बाबा माह्या लगनात एकडावही रडले नाही का रे दादा?" मी काही सांगितलं नाही. फोटो सोबतच्या पाकिटात आहे. उजेड आबाजींच्या टॉर्चचा, सेल माझे. तिला तो पाठवू की नको, ते तुम्हीच सांगायचं आहे, आणि त्यासाठी मला फोन करावा लागेल.