बाण कुठून निघतो

६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर दम धरवत नाही, म्हणून आई म्हणाली, सरळ पत्र लिही. शिवाय कामाचं काही विचारायचं तर ते कागदावर आणायचं, हा तुझा नियम घरात सगळ्यांना पाठ आहे.

तर बातमी अशी. आमच्या रुग्णालयाचा डायलिसिस विभाग नव्या इमारतीत न्यायचा आहे आणि त्या प्रकल्पाची प्रमुख मी. अकरा मशीन, पाणी शुद्ध करणारं नवं यंत्र, नव्या नळ्या, आणि चव्वेचाळीस पेशंट, ज्यांची एकही पाळी चुकवता येत नाही. त्यांतली एक माझी आई, तुझी ताई. चौदा मार्चला सकाळी सातची पहिली पाळी नव्या दालनात बसणार. आईनं खिडकीजवळची खुर्ची आत्ताच अडवून ठेवली आहे.

संचालकांनी तारीख आधी जाहीर केली आणि काम माझ्या हातात नंतर दिलं. रोज काहीतरी वाढवतात. काल बाहेर भेटायला येणाऱ्यांसाठी टीव्ही, आज भिंतीवर चित्रं. मला नाही म्हणता येत नाही, तुला माहीत आहे.

सोबत आराखडा पाठवते. पट्टी म्हणजे काम, हिरा म्हणजे टप्पा, बाण म्हणजे कशानंतर काय. तीस वर्षं पुलांची वेळापत्रकं केलीस, आता भाचीच्या कागदावर लाल पेन्सिल चालव.

माया आहे तशीच असू दे, पेन्सिल तेवढी बोथट कर.

तुझी,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. आ.

पत्र मिळालं. पेन्सिलीला टोक करूनच बसले. अक्षर सुधारलंय, आराखड्याला अजून वेळ आहे.

या प्रकल्पात काय येतं आणि काय येत नाही, हे एका पानावर लिहून संचालकांची सही घे. त्याला व्याप्ती म्हणतात. ती लिहिलेली नसेल तर तुझ्या दालनात टीव्ही येईल, चित्रं येतील, उद्या कारंजंही येईल, आणि तारीख मात्र तीच राहील. सहीनंतर ज्याला काही वाढवायचं असेल त्याला बदलाचा कागद भरू दे: काय वाढलं, त्यानं किती दिवस वाढले, कोणी ठरवलं. तोंडी बदल ऐकायचा नाही. त्या बाबतीत माझ्यासारखी बहिरी हो.

आता खरी गोष्ट. दहा मार्चला तू एक हिरा काढला आहेस, पाणी शुद्ध असल्याचा अहवाल. त्या हिऱ्यात एकही बाण येत नाही. बाई गं, टप्प्याला स्वतःचा वेळ नसतो. तो नुसता खांब आहे, तिथवर चालत जायला लागते ती वाट कामाची. नमुना कोण घेणार? प्रयोगशाळेला किती दिवस लागतात? अहवाल आकाशातून पडणार आहे का? विचार आणि लिही. माझा अंदाज, तुझा सगळ्यांत लांब रस्ता, ज्यात एक दिवस चुकला की शेवटची तारीख एक दिवस चुकते, तो याच हिऱ्यातून जातो. तू तो रंगकामातून नेला आहेस.

जोखमींच्या यादीत ‘पाणी दूषित’ असं लिहून जबाबदारीच्या रकान्यात ‘सर्व’ लिहिलंस. सर्व म्हणजे कोणी नाही. एक नाव लिही.

आणि ज्यांना या कामाची झळ लागणार त्यांची यादी तू केलीस त्यात संचालक आहेत, अभियंता आहे, परिचारिका आहेत, टीव्हीवालासुद्धा आहे. ताईचं नाव कुठाय? उरलेल्या त्रेचाळीस जणांचं?

ताईला सांग, पाणी मोजून पी आणि खुर्चीसाठी भांडू नकोस.

बोलले त्याचा राग धरू नकोस. धरलास तरी काम नीट कर.

मावशी

७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही. राग नव्हता, वेळ नव्हता. (थोडा राग होता.)

तू म्हणालीस ते सगळं केलं. व्याप्तीच्या पानावर सही घेतली. प्रयोगशाळेत विचारलं तर ते म्हणाले, पाण्यातले जंतू वाढतात की नाही ते पाहायला सात दिवस लागतात, त्यात घाई नाही. मग सगळा आराखडा उलटा मांडला. खरंच, सगळ्यांत लांब रस्ता पाण्यातूनच जात होता. जबाबदारीच्या रकान्यात माझं नाव घातलं. नमुना सव्वीस फेब्रुवारीला घेतला आणि परवा, पाच तारखेला, स्वच्छ अहवाल हातात आला! हाती चांगले नऊ दिवस राखून.

संचालक खूश आहेत. त्यांनी मध्येच कोपऱ्यात आणखी दोन खुर्च्या वाढवल्या, पण रंगकामात थोडी सवड होती त्यात ते बसवलं. बदलाच्या कागदाला ते हसले, म्हणाले, एवढ्याशा नळीला कसला कागद. मीही सोडून दिलं. अकराच्या तेरा झाल्या हे पेशंटच्या भल्याचंच आहे ना?

नवा आराखडा सोबत आहे. बघ, हिऱ्यात बाण आला. आता तरी शाबास म्हण. आईनं चौदा तारखेसाठी नवा स्वेटर काढून ठेवलाय.

आशीर्वादाची वाट पाहते, लाल खुणांची नाही.

तुझी,
भिंगरी

९ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद शेवटी. शेजारणीकडून तुला दोनदा फोन करवला, मीटिंगमध्ये आहे म्हणून तू ठेवलास. हे कुरिअरनं पाठवते, उद्या मिळेल. उभ्या उभ्या वाच.

हिऱ्यात बाण आला, तो कुठून निघाला ते पाहिलंस का? सव्वीस फेब्रुवारीच्या नमुन्यातून. आणि तुझ्याच कागदावर खालून तिसरी पट्टी आहे, कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांची नळी जोडणे, संपली चार मार्चला. म्हणजे नमुना घेतल्यावर ती वाहिनी कापली, उघडली, हाताळली आणि लांबवली. तुझ्या हातातला अहवाल ज्या नळ्यांचा आहे त्या नळ्या आता तिथे नाहीत. आज तिथे आहेत त्यांचा अहवाल कोणाकडेच नाही.

सवड रंगकामात होती, पाण्यात नव्हती. एका कामाची सवड दुसऱ्याला उसनी देता येत नाही. हे तुला कळत नाही असं मला वाटत नाही. म्हणूनच जास्त काळजी वाटते.

एका पाळीत शंभरावर लिटर पाणी एका पातळ पडद्यापलीकडून माणसाच्या रक्ताला लागून जातं, हे मला ताईनंच समजावलं होतं. ती खुर्चीवर चार तास बसते ती तुझ्या बाणावर विश्वास टाकून.

एक गोष्ट तुझ्या आईलाही ठाऊक नाही. नोकरीच्या नवव्या वर्षी एका पुलाच्या आधारांची चाचणी झाली आणि नंतर दोन आधार बदलले. साहेब म्हणाले, त्याच कारखान्याचे तर आहेत. मी जुन्या चाचणीवर टप्पा पूर्ण अशी खूण केली. पूल आजही उभा आहे. मी मात्र त्यावरून एकदाही गेलेले नाही, फेरा पडला तरी खालच्या रस्त्यानं जाते. बत्तीस वर्षं झाली.

तू काय करणार ते मी सांगणार नाही. रकान्यात नाव तुझं आहे.

आशीर्वाद आहेतच.

मावशी

१२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मला माहीत होतं गं. चार तारखेला पाण्याचं यंत्र सांभाळणाऱ्या टाकीवाल्या काकांनी नळी कापली तेव्हा मी तिथेच उभी होते. त्यांनी विचारलं, ताई, पुन्हा नमुना घ्यायचा ना? मी म्हणाले, बघू. मग तुझ्यासाठी आराखडा काढताना बाण मुद्दाम जाड काढला. तुला फसवत होते की स्वतःला, कोण जाणे.

तुझं पत्र जिन्यात वाचलं आणि तशीच प्रयोगशाळेत गेले. काकांना घेऊन त्या कोपऱ्यातूनच नमुना काढला. अहवाल सतराला येणार. मग संचालकांकडे गेले. ते म्हणाले, निमंत्रणं गेली आहेत, पाणी तेच, टाकी तीच, सहा फुटांची नळी, आणि तुम्ही घाबरट आहात. चौदाला सुरू करू, अहवाल मागाहून लावता येईल.

वाद घातला नाही. बदलाचा कागद पुढे ठेवला. त्यावर लिहिलं होतं, वाढलेल्या नळीच्या पाण्याचा अहवाल येण्याआधी पेशंट बसवण्याचा निर्णय माझा आहे, आणि खाली त्यांच्या सहीसाठी जागा. खाली मी चव्वेचाळीस नावं जोडली होती. आई एकोणिसावी.

त्यांनी कागद वाचला. पेन उघडलं. पुन्हा वाचला. मग पेन बंद केलं आणि म्हणाले, विभाग जुन्या जागेत चालू ठेवा. दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, उद्यापासून प्रकल्पाची सूत्रं दुसऱ्याकडे, तुम्ही फक्त पाण्याचं बघा.

अजून अहवाल यायचाय. तो स्वच्छ आला तर मी वेड्यात निघणार, आणि मावशी, मी देवाकडे तो स्वच्छ यावा असंच मागते आहे ना, याची रोज खात्री करून घेते.

आईला सांगितलंय की रंग वाळला नाही. खुर्ची लांबली म्हणून ती माझ्यावर रुसली आहे.

तुझ्या पेन्सिलीची सवय झालीय, ती ठेवून देऊ नकोस.

भिंगरी

३ एप्रिल

चि. धाकटीस अ. आ.

तुम्ही मावशी-भाची काय खलबतं करता मला कोणी सांगत नाही. मी म्हातारी, नळीला बांधलेली, पण कान शाबूत आहेत, तुझ्यासारखे नाहीत.

अखेर एकोणतीस मार्चला नव्या दालनात बसले. रंग वाळला नाही ही थाप मी पहिल्याच दिवशी ओळखली होती, पोरीच्या कपड्यांना रंगाचा वासच नव्हता. खरं काय ते टाकीवाल्यांनी सांगितलं. कोपऱ्यातल्या नव्या नळीच्या पाण्यात जंतू निघाले म्हणे. सगळी वाहिनी औषधानं धुतली, पुन्हा नमुना, पुन्हा सात दिवस, तेव्हा कुठे स्वच्छ. चौदाला सुरू केलं असतं तर, म्हणाले, आणि चहा प्यायला गेले.

समारंभात संचालकांनी सगळ्यांचे आभार मानले, टीव्हीवाल्याचेसुद्धा. भिंगरीचं नाव नाही. ती मागे पाण्याच्या यंत्राजवळ उभी होती. मला वाईट वाटलं. तिला विचारलं तर म्हणाली, आई, माझं नाव जिथे हवं होतं त्या रकान्यात आहे.

आणि खिडकीची खुर्ची मला मिळाली नाही! खिडकीची जागा आता कोपऱ्यातल्या वाढवलेल्या खुर्चीला गेली, ती त्या नव्या नळीवर आहे. भिंगरीनं मला दुसरी दिली तेव्हा मी भांडायच्या तयारीत होते. पण पोरीनं कोणाला काही लावायच्या आधी एक कागद काढला, पाण्याचा अहवाल. पहिल्या पाळीच्या आम्हा अकराही जणांना एकेक करून वाचायला दिला. वर नमुन्याची तारीख, खाली नळी कधी जोडली ती तारीख. म्हणाली, आधी कुठली आणि नंतर कुठली ते तुम्हीच बघा. मी चष्मा लावून बघितलं. बरोबर होतं. मग उठले आणि कोपऱ्यातल्या खिडकीच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले.

नळी लावायला परिचारिका आली तेव्हा भिंगरी तिथे येऊन उभी राहिली, चारही तास.

ये एकदा. येताना तू नेहमी टाळतेस त्या पुलावरूनच ये, खालचा रस्ता खोदून ठेवलाय आणि तू नेहमी उशिरा पोचतेस. का ते मला कधी कळलं नाही, पण यंदा मी न्यायला त्या पुलावर उभी राहीन.

लोभ जुनाच आहे, नव्यानं काय मागू.

तुझी ताई