सुती काहीच घेतलं नाही

प्रिय बाबा,

उद्या दुपारी बडनेऱ्याहून गाडी आहे आणि बॅग भरून झाली. तुम्हाला न सांगता कधी गावाला गेले नाही, म्हणून लिहायला बसले. टिहरीला चालले, कयाक शिकायला. एका माणसाची निमुळती होडी असते, तीत बसून दोन्हीकडे वल्हवायचं. भर हिवाळ्यात, डोंगरातल्या गार पाण्यात. हो, तेच शिबिर, ज्याचं नाव काढलं की तुम्ही जेवण अर्धं टाकून उठायचात.

सामान पाहिलं असतंत तर कपाळाला हात लावला असता. आमच्या गाईडनं फोनवर बजावलं, सुती काहीही आणू नका. भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं. जन्मभर कापूस पेरलेल्या माणसाच्या घरात हे सांगायचं कसं? मी लोकरीचे मोजे, थर्मल, असं सगळं जमवलं. सकाळी बघते तर आईनं तळाशी तुमची कापूस भरलेली बंडी सारलेली.

"अवं आई, भिजली का उलटी थंडी वाजवते ते," मी म्हटलं.

"आपल्या वावरातला कापूस हाय. तो कायले दगा देईन?"

मी बंडी काढली आणि तिच्याच अंगात चढवली. ती तशीच चुलीकडे गेली.

एक विचारू? दादाला तुम्ही कमरेला भोपळा बांधून विहिरीत सोडलंत, आणि मला त्याचे कपडे धरून काठावर उभं केलंत. "पोरीले कायले पायजे पोहनं?" पंचेचाळिशीत मी तरणतलावावर जाऊन शिकले, तर तुम्ही आठवडाभर बोलला नाहीत. आणि मागच्या हिवाळ्यात खाटेवरून म्हणालात, "मी हाय तोवर पान्यात नको जाऊ." मी तिकीट रद्द केलं. अशी अट लेकीला घालावी का, बाबा? आता मी मोकळी झाले म्हणू, की पोरकी?

मला तुमचा राग सोसून जायचं होतं. तोंड फिरवून का होईना, उद्या स्टेशनवर तुम्ही हवे होतात.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पहिल्याच दिवशी होडी मुद्दाम उलटी करायला लावतात. डोकं खाली, नाकातोंडाशी पाणी, आणि आपलं आपणच सुटून वर यायचं. ते जमल्याशिवाय पुढे नेत नाहीत. तरी जाणार आहे.

एक शब्द देते. पाण्याखाली असताना तुम्हाला हाक मारणार नाही. वर आले की मारीन.

तुमची हट्टी,
सुमी