झुबाऱ्याची सहल आणि पाच तारखेचे आकडे

३० एप्रिल २०२२, शनि. अल दुहैल, दोहा
स. ८. कोरडा ३४, ओला २३.
बाल्कनीत सायक्रोमीटर गरगर फिरवला. केतकी म्हणाली, "बाबा, समोरच्या बायका बघतायत." बघोत. एक नळी कोरडी, दुसरीच्या बुडाला ओली मलमल; दोन्ही पारे जितके जवळ, तितकी हवा दमट. वेधशाळेत पस्तीस वर्षं हे फिरवल्याशिवाय चहा घेतला नाही, आता सून म्हणते म्हणून सोडू?
मंदारच्या कामाचा पत्ता मला इथे येऊन आठवड्याने लागला. साइटवर तो सेफ्टी बघतो. दर तासाला मीटरवर ऊन आणि दमटपणा दोन्ही धरून उष्मा मोजायचा आणि झेंडा लावायचा. हिरवा, पिवळा, लाल. ३२च्या वर गेलं की काळा, सगळं काम बंद. इमारत नोव्हेंबरच्या आत उभी करायची आहे, वर्ल्ड कपचे पाहुणे तिथे उतरणार. दुपारची सक्तीची सुट्टी जूनपासून. तोवर फक्त झेंडा.
म्हणजे चिरंजीव माझ्याच धंद्यात. छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

१ मे, रवि.
मंदारचं हीट रजिस्टर जेवणाच्या टेबलावर होतं. तो झोपलेला. चाळलं. अक्षर सुरेख, आकडे त्याहून सुरेख. २९.१, २९.६, ३०.२. रोज तसेच. खरी हवा इतकी शहाण्यासारखी वागत नाही.
पान उलटलं. ५ मे, गुरुवार. स. ६ ते दु. ४ सगळे रकाने भरलेले, खाली सही.
आज १ तारीख.
वही होती तशी ठेवली. जेवताना त्याच्या तोंडाकडे बघवेना.

३ मे, मंगळ.
ईदची सुट्टी म्हणून झुबाऱ्याला. गाडी रफीकने चालवली. हा रत्नागिरीचा, मंदारच्या साइटवर फोरमन, पन्नाशीचा. बायको गावी, तरी स्वतः शिरखुर्मा करून डबा आणला होता. दीड तास सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना काही नाही.
मग किल्ला, आणि पलीकडे गाव. गाव म्हणजे गुडघाभर भिंती. इथे मोती सापडतात म्हणून चहूकडून माणसं धावली, वखारी झाल्या, बाजार झाला, तटबंदी झाली. आता गल्ल्यांतून वाळू. घरांचे उंबरे तेवढे ओळखू येतात. मी एक ओलांडताना चपला काढल्या, मंदार हसला. मला तिथे बरं वाटेना. इतकी माणसं होती आणि हाक मारायला एकही उरलं नाही.
किल्ल्यातल्या फलकावरचं मंदार नातीला, ईराला, मराठीत सांगत होता. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जाई. वर होडीत एक माणूस त्याचा दोर धरून बसे. खालून हिसका आला की लगेच ओढायचं. त्या माणसाला दुसरं काहीच काम नाही.
ईरा म्हणाली, "बट व्हॉट इफ ही वॉजन्ट लुकिंग?"
मंदार पुढच्या फलकाकडे वळला. रफीकनेच उत्तर दिलं, "मग खालचा खालीच ऱ्हातो, बाय."
बाहेर येऊन सायक्रोमीटर फिरवला. कोरडा ३७, ओला २८. वारा समुद्रावरून लागलाय, दोन दिवसांत हवा चिकट होणार. रफीक कौतुकाने बघत होता. म्हणाला, "काका, आमच्याकडं काळा झेंडा मी अजून बघितलाच नाय. हाय का तरी ऑफिसात?" हे हसून. मग म्हणाला, हल्ली पोटऱ्यांत गोळे येतात आणि घाम मात्र कमी झालाय. त्याला वाटतं, शरीर सरावलं. मी विचारलं, गुरुवारी कुठे काम? "वरती, स्लॅबवर. सळया बांधायच्या."
मंदार म्हणाला, "यल्ला, चला, उशीर होतोय." रफीकचा नंबर मी घेऊन ठेवला.

४ मे, बुध.
सं. ६. कोरडा ३५, ओला २९. चढतोय.
शेवटी विचारलं. पाच तारीख कधी आली रे?
"मीटर दुरुस्तीला गेलंय बाबा. आठवडा भरून टाकला. सगळेच भरतात."
म्हटलं, उद्या काळा लागणार, माझ्याकडून लिहून घे.
"काळा लावला की वरून फोन येतो. दुसऱ्यांदा लावला की मला घरी पाठवतील. ईराची शाळा आहे इथे."
म्हटलं, रफीक वर असेल.
तो उठून खिडकीशी गेला. मग शांतपणे म्हणाला, "मी आठ वर्षांचा होतो. तुम्हाला ताप होता. मी तुमच्याऐवजी रीडिंग घ्यायला निघालो तर तुम्ही म्हणालात, पावसात नको जाऊ, कालच्यात अर्धा अंश मिळव आणि लिही."
मी साफ विसरलो होतो. त्याने सांगितल्यावर आठवलं. आकडा त्याने इतका बेमालूम लिहिला होता की मी त्याची पाठ थोपटली होती.
लाज वाटते. जेवलो नाही.

५ मे, गुरु.
स. ६. कोरडा ३२, ओला २९. मंदार पाचलाच गेला. मी दाराशी उभा होतो. "येतो" म्हणाला, बाकी काही नाही.
स. ८. ३४, ३०. मंदारला मेसेज केला. वाचलेला दिसतो.
स. ९. ३५, ३०.५. मेसेज. वाचला.
स. १०. ३६, ३१. त्याच्या मीटरचा हिशेब वेगळा, पण ओला ३१ आणि वर हे ऊन म्हणजे कसाही धरला तरी काळा. लिहिलं, झेंडा लाव. फोन केला. उचलत नाही.
स. ११. ३७, ३१.५. रजिस्टरात या रकान्यात ३०.२ आहे.
११.१५. रफीकला फोन लावला. दुसऱ्याच कोणी उचलला. "रफीकभाई को नीचे लाया है साब. पानी डाल रहे हैं. कुछ उल्टा-सीधा बोल रहा है." ॲम्ब्युलन्स बोलावली का? "सेफ्टीवाले साब आए हैं, वो बोलेंगे." झेंडा कोणता आहे? त्याला प्रश्नच कळला नाही. फोन कटला.
केतकीला सांगितलं. ती गाडीची चावी शोधतेय.
११.३०. मंदारचा मेसेज. दिवसातला पहिला. "बाबा, आठपासूनचे सगळे आकडे नीट पाठवा. वेळेसकट."
झेंड्यासाठी मागतोय, डॉक्टरसाठी, की वहीसाठी?
पाठवले. होते तसे.