काळ्या बोकडाची खरवड

३ नोव्हेंबर, मंठा

आलो एकदाचा. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि माझ्यासोबत मिठाची गोणी, तुरटीचा डबा आणि दोन मुठींची वाकडी सुरी. कंडक्टरने सुरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेला. परत मागे आला तेव्हा मात्र गोणीचंही तिकीट फाडलं.

घर गावाच्या कडेला आहे, मागे मोकळं अंगण. मालकीण गोजरबाई पुढच्या खोलीत राहतात. गळ्यात तुळशीची माळ, बोलणं कमी. त्यांचे मालक याच अंगणात बोकडांची कातडी कमवायचे. त्यांचा उतरता ओंडका, टाक्या, वाळवणाच्या दोऱ्या, सगळं अजून जागच्या जागी आहे. मला आयतं मिळालं.

बियाण्यांच्या गोदामात पोती उचलून माझी कंबर कामातून गेली. आता घरबसल्या केसासकट कातडी कमवायची. शहरातले लोक अंथरायला घेतात म्हणे. शेतकऱ्याच्या पोराने हे करायचं का, म्हणून वडील बोलायचे थांबलेत. थांबू देत. वंदनाला पाचवा महिना लागलाय. आधी दोनदा हातचं गेलं, त्यामुळे ती बदनापूरला आईकडे जपून आहे. घर लागलं की तिला आणणार. हे लेकरू नीट या घरात खेळलं की बाकी मला काही नको.

८ नोव्हेंबर

कामाची घडी बसली. मटणवाल्याकडून सकाळी ताजं कातडं आणतो. ओंडक्यावर केस खाली, मांसाची बाजू वर घालायची आणि पोटाने दाबून धरत सुरी खाली ढकलायची. चरबी, पापुद्रे, राहिलेलं मांस लोळ्यालोळ्याने निघतं. मग मीठ, मग तुरटीचं पाणी, मग सावलीत वाळवून चोळचोळून मऊ करायचं. जोर लावला तर कातडं फाटतं आणि नाही लावला तर कुजतं. लग्नासारखंच आहे, असं वंदनाला फोनवर सांगितलं तर तिने फोन ठेवला.

निघालेल्या मांसाला गोजरबाई खरवड म्हणतात, जशी दुधाच्या पातेल्याची असते तशी. त्यांनी एक रीत सांगितली. “खरवड त्याच दिवशी मातीत घालायची, वर मीठ टाकायचं न् म्हणायचं, तुझं तुला. मंग कातडं आपलं.” त्यांचे मालक असंच करायचे. मी करून राहिलोय, त्यात माझं काय जातं. कोंबड्या पाळू नको असंही त्या म्हणाल्या. का, ते विचारलं तर तांदूळ निवडत बसल्या.

१९ नोव्हेंबर

दमलो. कंबर ठणकतेय, हातांना वास बसलाय, जेवताना घास तोंडाशी येईना. हे काम गोदामापेक्षा हलकं असेल असं कुठल्या गाढवाने सांगितलं होतं? मीच सांगितलं होतं.

आज एका मोठ्या काळ्या बोकडाचं कातडं आलं, पाठीवर पांढरा पट्टा. खरवड घमेलंभर निघाली. खड्डा खणायला गेलो तर काळी माती दगडासारखी, कुदळ उडून परत येतेय. चार घाव घातले आणि टेकलो. बाजूला माझ्या कोंबड्या माना उंचावून उभ्या होत्या. (होय, पाळल्यात. वंदनाला घरची अंडी नकोत का?) दिलं घमेलं त्यांच्यापुढे रिकामं करून. क्षणात फस्त. गोजरबाई देवळात गेल्या होत्या.

२ डिसेंबर

वंदना आली! घर घरासारखं दिसायला लागलं. वासाने नाक धरून अंगणभर फिरली आणि शेवटी म्हणाली, “अहो, तुमच्यापेक्षा ही कातडी बऱ्या वासाची हायेत.” तिच्यासाठी सगळ्यात भरलेली कोंबडी कापली. तिने तंगडी खाल्ली, रस्सा वाढून वाढून घेतला, बाकीची मी संपवली. गोजरबाई माळकरी, त्या आपल्या खोलीत पिठलं-भाकरी खात होत्या. खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

४ डिसेंबर

काळं कातडं तुरटीतून काढलं तर मांसाच्या बाजूला पातळ गुलाबी थर. म्हणजे मी नीट खरवडलं नव्हतं. स्वतःलाच शिव्या घातल्या, परत ओंडक्यावर घातलं, परत खरवडलं. या वेळी खरवड पुरली, वर मीठ, तुझं तुला. उशिरा का होईना.

७ डिसेंबर

परत थर. आधीपेक्षा जाड.

बाकीची कातडी कोरडी, मऊ, छान झालीत. हेच एक ओलं. अठरा दिवस जुनं कातडं, पण खरवड ताजी निघते, कोमट. परत सगळं खरवडलं. हात भरून आले. पॅन्ट कमरेला सैल झालीय, नाड्याने बांधली.

११ डिसेंबर

वंदनाच्या बांगड्या हातातून गळतात. जेवते बराबर, पण अंगाला लागत नाही. दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, आईचं वजन उतरतंय आणि बाळही महिन्याच्या मानाने लहान आहे, चांगलं खायला घाला. आणखी काय घालू? तिच्या मनगटाचं हाड बघून मला रडू आलं. अंगणात जाऊन रडलो.

काळ्या कातड्यावर आज मांडीची गोलाई आलीय. नुसतं कातडं आहे ते, त्याला मांडी कुठली. खरवडलं. खरवडताना माझ्याच मांडीत कळ—

१४ डिसेंबर

गोजरबाईंना सगळं सांगितलं. घमेलं, कोंबड्या, जेवण. त्या भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, त्यांच्या मालकांनीपण एका उन्हाळ्यात कंटाळून खरवड कोंबड्यांना घातली होती आणि मग त्याच कोंबड्या खाल्ल्या. बोकडाचं मांस ज्यांच्या अंगी लागलं, त्यांच्या अंगातून ते कातडं परत मागून घेतं. डॉक्टर क्षय म्हणत राहिले. “मालक वाळत वाळत गेले. ते गेले त्या दिवशी दोरीवर कातडं नव्हतं. फाटकातून भायेर खुरं उमटल्ती.” त्यांच्या गळ्यात माळ, त्यांनी खाल्लं नव्हतं, म्हणून त्या राहिल्या.

आधी का नाही सांगितलं, म्हणून मी ओरडलो. म्हणाल्या, सांगितलं असतं तर घर कोणी घेतलं असतं?

मग हळूच म्हणाल्या, खरवडू नको. जेवढं काढशील तेवढं ते पुन्हा पहिल्यापासून भरतं. एकदा भरलं की थांबतं.

म्हणजे या कातड्याचं मी आजपर्यंत जे पुरलं ते आमचंच मांस.

१५ डिसेंबर

कातडं जाळायला घेतलं. पेटेना. रॉकेल ओतलं, डिझेल ओतलं, नुसता धूर. वंदनाला बदनापूरच्या गाडीत बसवलं. लांब गेली की सुटेल.

१८ डिसेंबर

सुटली नाही. सासूबाईंचा फोन, चक्कर येऊन पडली. मी तीन दिवस त्या कातड्याकडे फिरकलोही नव्हतो. मी दूर राहिलो तर सगळं तिच्याकडून—

१९ डिसेंबर

सकाळपासून कातडं मांडीवर घेऊन बसलो. दिवसभर. संध्याकाळी फोन केला, तिने दोन भाकरी खाल्ल्या, उठून बसली. माझे गाल आत गेलेत.

मग ठरलं, ते माझ्याकडूनच भरू द्यायचं.

२२ डिसेंबर

काल बाजूला ठेवून बघितलं, खात्रीसाठी. तिला परत चक्कर. आता बाजूला ठेवणार नाही.

भीती वाटते. खूप वाटते. पण त्याहून दमलोय.

२४ डिसेंबर

अंगाभोवती गुंडाळलंय. मांसाची बाजू आत. ऊब आहे. निघत नाही आता, चिकटलंय— बरं झालं.

गोजरबाई दाराशी बसून देवाचं नाव घेतायत. त्यांना म्हटलं, फाटक उघडं ठेवा. त्यांनी मान हलवली, माझ्याकडे बघितलं नाही.

२५ डिसेंबर

वंदनाचा फोन. गोजरबाईंनी कानाशी धरला. बाळ हललं. जोरात, म्हणाली. आज सारखी भूक लागतेय, तुम्ही कधी येता. येतो म्हटलं. आवाज घोगरा झालाय, तिने ओळखला का—

बोटं दोन-दोन— पेन नीट

उभं राहावंसं वाटतंय. चारी

राहिलं थोडंच. घे. माझ्याकडूनच घे. तिचं तिला राहू दे.

तुझं तु—