बाबांच्या शिकंज्याचा दांडा

रविवार, संध्याकाळ

वाळूजच्या कंपनीला आज सुट्टी. बाबा गेल्यापासून पडून असलेला, त्यांच्या सुतारी बाकाचा, लाकूड घट्ट पकडायचा लाकडी शिकंजा दुरुस्तीला काढला. आवळायचा दांडा घासला, तर एका टोकाला मळाखालून लोखंडी शेंबी निघाली, काठीच्या टोकाला ठोकतात ती टोपी. म्हणजे काठीचा तुकडा. मारायच्या काठीचा.

आई म्हणाली, "नामांतराच्या दंगलीत एका संध्याकाळी काठी घेऊन आले अन् लगेच कापून हा दांडा केला. कुणाची, ते मी इचारलं नाय."

बाबा तर सांगायचे, त्या दिवसांत घराबाहेर पडलोच नाही. मग? कुणाच्या हातातून हिसकावली, की स्वतःच घेऊन गेले होते? अन् शेंबी का ठेवली?

बाभळीचा नवा दांडा तासलाय, पण बसवला नाही. जुना बाबांच्या मुठीनं मधोमध झिजलाय. तिथं माझी मूठ बरोबर बसते.