निम्मं शिकवलेलं गणित

१२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अखेर तुझ्याच शाळेत, तुझ्याच वर्गावर शिकवायला रुजू झाले. खिडकीची कडी अजून लागत नाही. कपाट आवरताना जुनी पगारपत्रकं सापडली. शेजारच्या वर्गावरच्या सरांना पूर्ण पगार, तुला निम्मा, आणि शेऱ्यात एकच शब्द, 'स्त्री'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी कधी चकार शब्द काढला नाहीस!

शिवाय निकालवह्याही चाळल्या. तुझ्या हाताखालून गेलेल्या मुली पुढच्या वर्षी गणितात धडाधड नापास. तुझ्यासारख्या खडूस बाईंच्या मुली? आपली शाळा झाडणाऱ्या मावशी त्यांतल्याच एक. त्या म्हणाल्या, बाई छानच शिकवायच्या, मीच ढ होते.

गुडघ्याला जप. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी खारूताई

२० जून

चि. खारूताईस,
अ. आ.

ती ढ नव्हती. निम्म्या पगाराबद्दल मी मुख्याध्यापकांकडे गेले होते. ते म्हणाले, तुम्हाला कुठे घर चालवायचंय? तुझ्या बाबांची फी तेव्हा मीच भरत होते. त्या दिवसापासून मी गणिताचं पुस्तक निम्मंच शिकवलं. त्रैराशिक यायच्या आधी मिटायचे. नऊ वर्षं.

वाटलं होतं, मुली नापास झाल्या की मुख्याध्यापक मला जाब विचारतील, मग मीही खडसावून सांगेन. कुणी विचारलंच नाही. मुलींचं गणित कच्चंच असतं, म्हणाले.

दुपारी जरा डोळा लागला की त्या ओळीने बसलेल्या दिसतात, पुढचं पान मी उलटावं म्हणून थांबलेल्या. एकही रागावत नाही गं. मला त्याचीच भीती वाटते. मावशींना तू खरं सांग, माझी छाती होत नाही.

माया आहे ती असू दे.

आत्या

२ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. मावशी बाकावर टेकल्या. म्हणाल्या, बाईंना राग येणारच, निम्म्या पगारात कोण राबेल? उठताना म्हणाल्या, माझंच डोकं चालत नाही तर पोरीचं काय चालणार, म्हणून तिला मी सातवीतूनच काढली. ती हुशार होती की नाही, ते बघितलंच नाही.

आणि झाडू घेऊन पुढच्या वर्गात गेल्या. तुला नमस्कार सांगितलाय.

मी तुझीच आहे, पण आज एवढंच लिहवतं.

खारूताई