अब्बांच्या नावचं देणं

तासगाव, ११ ऑगस्ट २०२५

चि. फारूक यास, जैनबआपाचा सलाम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन लागत नाही म्हणून पोस्टाने लिहिते आहे. वसुलीवाले दिवसाला चाळीस फोन करतात म्हणून तू सिम काढून ठेवलंस, हे तुझ्या शिरवळच्या कंपनीतल्या माणसाकडून कळलं. सख्ख्या बहिणीला परक्याकडून कळावं, छान आहे.

माझ्या अर्शियाचं शिक्षणकर्ज बँकेने नाकारलं. तिचे वडील गेल्यावर सही करायला मामाशिवाय आहे कोण? साहेब म्हणाले, की मामा एका मोटारसायकलच्या कर्जाला जामीनदार आहेत आणि त्याचे अकरा हप्ते थकलेत. मला हसूच आलं. पानपट्टीवर सुपारीसुद्धा उधार न घेणारा माझा भाऊ! मग साहेबांनी संगणक माझ्याकडे वळवला. त्यावर तुझंच नाव होतं.

मिरजेच्या नर्सिंग कॉलेजात ३० तारखेपर्यंत फी भरली नाही तर जागा दुसऱ्याला देणार. पोरीने माझ्या शेजारी बसून लोकांच्या ब्लाउजना हुक लावत बारावी काढली आहे. काय करून बसला आहेस ते उलट टपाली कळव.

तुझ्या आयेशाला सलाम. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
जैनबआपा

शिरवळ, १४ ऑगस्ट २०२५

ती. आपास, फारूकचा सलाम. वि. वि.

तुम्ही बायका घरात होता, म्हणून तुला माहीत नाही. गेल्या महिन्यात अब्बांच्या जनाज्याच्या नमाजाआधी मी सगळ्यांसमोर सांगितलं, की अब्बांकडे कुणाचं देणं निघत असेल तर मला भेटा, मी फेडीन. आपल्यात मुलाने सांगायचंच असतं. चहावाल्याचे चाळीस रुपये निघाले, ते दिले.

तिसऱ्या दिवशी एका फायनान्स कंपनीचा यशराज नावाचा वसुलीवाला आला. डोक्याला रुमाल बांधून फातेहाला बसला, डोळेही पुसले. मग पिशवीतून कागद काढला. त्यावर अब्बांचं नाव, रहिमान आतार, थकबाकी एकसष्ट हजार चारशे. मी गांगरलो तर म्हणाला, की आवं, तुमीच चारचौघात कबूल केलंय न्हवं, आता मागं सरू नका, म्हाताऱ्याच्या जिवाला शांती मिळायची न्हाई. अब्बांच्या मानेवर देणं राहू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जामीनदार म्हणून सही केली, आधार आणि पॅनची झेरॉक्स दिली, एक हप्ताही भरला.

शिरवळला येऊन कागद वाचला. कर्जदाराचं जन्मसाल १९७९. म्हणजे आपा, तू अब्बांपेक्षा एक वर्षाने मोठी! सायकलपलीकडे काही न चालवलेल्या माणसाच्या नावावर मी मोटारसायकल लावून घेतली. कर्ज दुसऱ्याच कुणा रहिमान आतारचं आहे.

तक्रार नोंदवली आहे. सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणारे फायनान्सकडे बोट दाखवतात, फायनान्सवाले यशराजकडे, आणि यशराज माझ्या सहीकडे. निकालाला तीस दिवस लागतात. थोडं थांब. आपली बाजू खरी आहे.

अर्शियाला दुवा. माझ्यावर रागाव, पण मला टाकू नको.

तुझा,
फारूक

तासगाव, १८ ऑगस्ट २०२५

चि. फारूक यास सलाम. वि. वि.

तुझ्या खऱ्या बाजूचं लोणचं घालू का? आज अठरा तारीख आहे. तुझे तीस दिवस संपतील तेव्हा मिरजेत दुसरीच पोरगी वर्गात बसलेली असेल.

काल यशराज माझ्या दुकानात आला. बायका माप द्यायला उभ्या होत्या. त्यांच्यासमोर म्हणाला, की बापानं बुडवलं आनि आता पोरगं बुडवतंय, ह्यांच्याकडं कापड टाकताना जपून. तिघींनी कापड परत नेलं. त्यातली सुलाबाई तर पंधरा वर्षांची गिऱ्हाईक.

त्याला बाजूला घेऊन बोलले. एकरकमी तीस हजार दिले तर कर्ज मिटल्याचा दाखला देतो म्हणतो, तक्रार तेवढी मागे घ्यायची. अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला जमवलेले तीस हजार माझ्यापाशी आहेत. आज तुझ्या खात्यावर टाकले. मुकाट्याने भर. अब्बांच्या अब्रूचं मला सांगू नको. ते गेले, त्यांना काही भरायचं नाही. तुला मूल नाही, म्हणून तुला तारीख म्हणजे काय ते कळत नाही.

हे लिहायला नको होतं. पण लिहिलं ते खोडत नाही.

जैनब

शिरवळ, २३ ऑगस्ट २०२५

ती. आपास सलाम. वि. वि.

पैसे भरले. तक्रार मागे घेतली. दाखला सोबत आहे. पैसे भरताना यशराजने विचारलं, की वडलांचंच कर्ज हाय न्हवं, तसं लिहून द्या. मी लिहून दिलं. माझ्या हाताने अब्बांना कर्जबुडवे ठरवलं, आपा.

जेवण होणार नाही असं चाचांना कळवलं. ते म्हणाले, की व्हय, कर्जात मेलेल्याचं जेवण घशाखाली उतरायचं बी न्हाई.

तुझं पत्र आयेशाला वाचायला दिलं नाही. दोनदा मागितलं तिने.

पोरीची फी भरली की कळव. बाकी काही मागणं नाही.

फारूक

तासगाव, २ सप्टेंबर २०२५

चि. फारूक यास सलाम. वि. वि.

फी भरली नाही. दाखला हाती पडला त्याच दिवशी तो घेऊन बँकेत गेले होते. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, की हे फेडलेलं नाही, तडजोडीने मिटवलेलं आहे, ही नोंद काही वर्षं राहते, अशा माणसाची सही आम्हाला चालत नाही. मी म्हटलं, की ते कर्ज आमचं नव्हतंच, आम्ही तक्रार केली होती. तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. तक्रारीची पावती दाखवली असती, तर निकालापर्यंत फाइल उघडी ठेवून कॉलेजला मुदतीचं पत्र दिलं असतं म्हणाले. तू थांब म्हणत होतास. मी थांबले नाही. जागा तुझ्या सहीने गेली नाही, माझ्यामुळे गेली.

काल कुंडलहून एक माणूस आला. रहिमान आतार. वर्षभर चाललेले वसुलीचे फोन बंद झाले म्हणून त्याने चौकशी केली, तर तासगावच्या कुणीतरी भरले असं कळलं. पेढे घेऊन आला होता. लय उपकार झाले म्हणत रडला. मी म्हटलं, की चला माझ्याबरोबर बँकेत, एवढंच सांगा की कर्ज तुमचं होतं. तो डोळे पुसून उठला. म्हणाला, की मिटलंय त्ये मिटलंय ताई, आता कशाला उकरायचं. दारात त्याची मोटारसायकल उभी होती.

जाताना त्याने अर्शियाच्या हातावर पेढा ठेवला आणि काय शिकतेस म्हणून विचारलं. ती म्हणाली, की काही नाही.

आजपासून ती शेडवर बेदाणे निवडायला जाते. आयेशाला माझं ते पत्र दाखव, लपवू नको. मला माफ करा असं लिहायचं होतं, पण ते मागायला माझ्याकडे तोंड नाही.

जैनब